शांतवनने दीक्षा नाकारली नव्हती

ही हकीकत सांगायची मी आजवर टाळत आलो. आधी नोकरीसाठी टाळली, मग लाजेपायी, आणि पुढे तर कुणी विचारतच नव्हतं म्हणून. आता शांतवन खरात गेला. त्याला जाऊन काही आठवडे झालेत. दफनाच्या दिवशी कबरीपाशी एकेक जण उठून बोलत होता. दवाखान्यातली जुनी नर्स बोलली, आताचे तरुण पाळकसाहेब बोलले, ताडकळसहून आलेला त्याचा पुतण्या बोलला. शब्द वेगवेगळे, पण एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली... शांतवनदादांना पाळकपदाची दीक्षा चालून आली होती, ती त्यांनी नम्रपणे नाकारली आणि जन्मभर साधे सेवक राहिले. लोक माना डोलवत होते. शांतवनची बायको, मार्थावहिनी, कबरीच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी मान डोलवली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य माझं आहे. मीच ते पहिल्यांदा बोललो होतो, माइकवर, टाळ्या घेऊन. आणि ते खरं नाही.

ज्यांना आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या पद्धती माहीत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या जुन्या मिशन दवाखान्यात रुग्णांपाशी बसायला, धीर द्यायला, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायला एक माणूस नेमलेला असे. कागदोपत्री त्याला चॅप्लेन म्हणत, रुग्ण त्याला काहीही म्हणत. हा माणूस दीक्षित पाळक, म्हणजे विधिपूर्वक नेमलेला धर्मगुरू असू शकतो किंवा दीक्षा न घेतलेला साधा सेवकही असू शकतो. वरून फरक दिसत नाही. पण प्रभुभोजन, म्हणजे भाकर मोडून आणि द्राक्षरसाचा प्याला देऊन येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायची, तो विधी फक्त दीक्षित पाळकानेच चालवायचा, असा आमच्या मंडळीचा नियम. शांतवन साधा सेवक होता. आधी तो त्याच दवाखान्यात वॉर्डबॉय होता. रुग्ण डॉक्टरांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याला या कामावर घेतलं.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. एक लाकडी स्टूल घेऊन तो वॉर्डात फिरायचा. खाटेपाशी स्टूल ठेवायचा, बसायचा आणि गप्प राहायचा. उसाच्या हंगामात गंगाखेडच्या बाजूने हातपाय चेचलेली माणसं यायची. बहुतेक सगळी हिंदू शेतकरी घरातली. एकदा मी शाळेतून परतताना वॉर्डात डोकावलो, तर एक म्हातारबुवा त्याची फिरकी घेत होते.

"का ओ पादरीबुवा, तुमचा देव तुमाला नुसतं बसायचा पगार देतो का?"

"व्हय बाबा. उभं ऱ्हायचं काम डाक्टरकडं हाय."

"मग आमच्या देवाचं काई वाचून दावता का? नातू हाय, पन त्याला मोबाइलबिगर काई दिसत न्हाई."

शांतवनने म्हाताऱ्याच्या उशाखालची पोथी काढली आणि वाचायला लागला. अडखळला की म्हातारा पाठ असलेली ओळ स्वतःच पुरी करायचा. मंडळीतल्या काहींना ते रुचलं नाही. तो म्हणाला, "त्यानं मागितलं ते दिलं. मी कुठं माझ्या पदरचं घातलं त्यात?"

ही म्हातारबुवांची गोष्ट त्यामानाने अलीकडची, आमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली. मला सांगायचं आहे ते त्याच्या बरंच आधीचं.

तेव्हा आम्ही दोघंही उमेदीत होतो. मी मिशनच्या शाळेत मास्तर आणि मंडळीच्या कमिटीचा चिटणीस. शांतवनने धर्मशिक्षणाचा अभ्यास पुरा केला होता आणि त्याला दीक्षा द्यावी असं वरिष्ठांकडे ठरत आलं होतं. दवाखान्यातच राहता येईल, बदली होणार नाही, हेही त्यांनी मान्य केलं होतं. पण त्याचंच ठरत नव्हतं. कित्येक महिने संध्याकाळी तो माझ्या ओट्यापाशी सायकल लावायचा आणि तोच विषय काढायचा.

"मास्तर, पाळकसाहेब वार्डात आले की लोक उठून बसायला बघतात. टाक्यावर हात धरून बसतात, पन बसतात. माझ्यासाठी कुनी उठत न्हाई. तेच बरं हाय. दुखनाऱ्या मानसाला कशापायी उठवायचं?"

"मग नको घेऊ दीक्षा."

"न्हाई कसं म्हनू? आपल्यातला कुनी शेवटचं प्रभुभोजन मागतो, तवा मला सायकल काढून पाळकसाहेबाला हुडकावं लागतं. मानूस तिकडं वाट बघत पडलेला. मी त्याच्याजवळ रातंदिस बसलेला, आन् तो मागतो तीच एक गोष्ट माझ्या हातात न्हाई..."

मी त्याला दीक्षा घे म्हणून सांगत राहिलो. शेवटी त्याने हो म्हटलं. ते 'हो' तोंडदेखलं नव्हतं, हे मी आज स्पष्ट लिहितो. मार्थावहिनींनी परभणीहून पांढरं कापड आणून त्याचा दीक्षेचा झगा स्वतः शिवला. बाह्या लांब झाल्या म्हणून त्या उसवत बसलेल्या मी पाहिल्यात. शांतवन लाजून हसत होता, नवरदेव हसतो तसा. माणूस नको असलेल्या गोष्टीसाठी असा हसत नाही.

त्याच सुमारास माझी आई आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. तिला आमच्याच दवाखान्यात ठेवलं. आईची मंडळीत एक ओळख होती. आमच्याकडे दारू चालत नाही, ताजी द्राक्षं तेव्हा मिळत नसत, म्हणून प्रभुभोजनाला काळ्या मनुकांचा रस वापरायचे. तो आई करायची. शनिवारी संध्याकाळी मनुका भिजत घालायच्या, रविवारी सकाळी कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. सगळ्या मंडळीच्या प्याल्यात वर्षानुवर्षं तिच्याच हातचा रस होता.

त्या दुपारी ती पूर्ण शुद्धीवर होती, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईलाही कळलं असावं. म्हणाली, "पाळकाला बोलाव. मला प्रभुभोजन घ्यायचंय." पाळकसाहेब सेलूला एका लग्नासाठी गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. मी तसं सांगितलं. ती छताकडे बघत म्हणाली, "इतक्या लोकांसाठी रस काढला मी. मला घोटभर मिळंना का रे?"

मी शांतवनकडे गेलो. तो पलीकडच्या खोलीत कुणापाशी बसला होता. त्याला व्हरांड्यात बोलावलं.

"मला अधिकार न्हाई, मास्तर. मी पवित्र शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो. मावशीजवळून उठत न्हाई. तवर येतील ते."

"नाही पोचणार ते वेळेत. तू पुढच्या महिन्यात पाळक होणारच आहेस. जे तेव्हा करणार ते आज कर."

"आज मी पाळक न्हाई."

मी त्याचे दोन्ही हात धरले. मी रडत होतो. म्हणालो, "शांतवन, माझी आई आहे. जे होईल ते माझ्यावर. मी सांगेन कमिटीला, मीच तुला भाग पाडलं म्हणून. माझ्यावर सोड." तो म्हणाला, "मनुका हायेत का घरी?"

मी सायकलवर घरी गेलो, आईच्या बरणीतल्या मूठभर मनुका आणल्या. नर्सच्या स्टोव्हवर पाणी तापवून त्यात भिजवल्या आणि माझ्या हातरुमालातून गाळल्या. भाकर नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई, खेड्यातली शेतकरी बाई, आमची धावपळ बघत होती. तिने काही न विचारता फडकं सोडलं आणि ज्वारीच्या भाकरीचा चतकोर पुढे केला. रसाला औषध मोजायचा काचेचा पेला. शांतवनने स्टूल आईच्या खाटेला भिडवलं, बसला आणि सगळा विधी म्हटला. इतक्या हळू आवाजात, की फक्त आईला आणि मला ऐकू यावा. आईने भाकरीचा कण जिभेवर ठेवला, रस घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, "पातळ झालाय. घाई केली तुमी." शांतवनला हसू फुटलं. मलाही. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांची बस यायच्या आधी आई गेली.

पुढचं जे झालं ते माझ्या तोंडामुळे झालं. आईच्या दफनविधीत मुलाने साक्ष द्यायची, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे, म्हणून मी उभा राहिलो आणि म्हणालो की माझ्या आईने प्रभुभोजन घेऊन डोळे मिटले. ख्रिस्ती मुलाला याहून अभिमानाची गोष्ट नाही. वाक्य तोंडातून गेलं आणि मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. विधी तेच चालवत होते. त्यांना माहीत होतं की त्यांनी ते दिलं नव्हतं.

कमिटी बसली. उपासनामंदिराच्या मागची छोटी खोली, पाच-सहा माणसं, मी चिटणीस म्हणून टेबलाच्या कडेला. शांतवनला समोर उभं केलं होतं. पाळकसाहेब कडक होते, पण दुष्ट नव्हते. हेही लिहिलं पाहिजे, कारण सगळं त्यांच्यावर ढकलणं मला फार सोपं आहे. त्यांनी आधी मलाच विचारलं, "मास्तर, तुमच्या आईचा विषय आहे. हे कसं झालं, तुम्हाला काही सांगायचंय?"

त्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष पाळकसाहेबच होते. मी म्हणालो, "मी दुःखात होतो साहेब. मला नीट आठवत नाही."

शांतवनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "मावशीनं मागितलं. मी दिलं." त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि माझं नावही नव्हतं.

त्याची दीक्षा कायमची अडवायची कुणाचीच इच्छा नव्हती. त्यांनी एक वाट काढली. शांतवनने रविवारी मंडळीसमोर उभं राहून दोन गोष्टी बोलायच्या. एक, मी नियम मोडला, माफ करा. दुसरी, मी दिलं ते प्रभुभोजन नव्हतं, ती नुसती भाकर आणि नुसतं मनुकांचं पाणी होतं. एवढं झालं की दीक्षेचा मार्ग मोकळा.

रविवारच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. मला वाटलं शिव्या देईल. निदान विचारेल तरी, की तू असं का केलंस. त्याने ते विचारलं नाही.

"मास्तर, एक सांगा. मावशीनं घेतलं ते काय व्हतं?"

मी उभाच होतो. दाराची चौकट धरून म्हणालो, "अरे, म्हणून टाक ना. शब्दच तर आहेत. आई आता कुठे ऐकायला आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. खाटेवरच्या माणसाकडे बघावं तसा.

"शब्दच हायेत, खरं हाय. पन माझ्याजवळ दुसरं हाय काय, मास्तर? गोळी न्हाई, सुई न्हाई. नुसते शब्द. तेबी उद्या माघारी घ्यायचे म्हनल्यावर, परवा कुन्या खाटेजवळ बसू मी?" सायकल काढताना तो म्हणाला, "मावशीला मी फसवलं न्हाई. एवढं तरी तुमाला ठावं असावं."

रविवारी त्याने मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, "मी नियम मोडला. मला अधिकार नव्हता. त्याची माफी मागतो." आणि थांबला. पाळकसाहेब वाट बघून म्हणाले, "आणि?" शांतवन म्हणाला, "आन् काही न्हाई, साहेब." तो जागेवर जाऊन बसला. मार्थावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी दुसऱ्या ओळीत होतो. तेव्हा उठायला हवं होतं. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

दीक्षा आधी लांबणीवर पडली, मग तो विषयच निघेनासा झाला. मी मुख्याध्यापक झालो. मार्थावहिनींनी त्या झग्याचे उशांचे अभ्रे केले आणि वॉर्डात दिले. शांतवन साधा सेवक राहिला आणि त्याने तो नियम पुन्हा कधी मोडला नाही. प्रभुभोजन कुणी मागितलं की सायकल काढायचा. एकदा आमच्या वस्तीतला एक ड्रायव्हर शेवटच्या घटका मोजत होता. शांतवन पाळकांना शोधत गावभर फिरला, ते एका घरी सांत्वनाला गेले होते. दोघं येईपर्यंत ड्रायव्हरच्या तोंडावर चादर ओढलेली होती. मी तिथे पोचलो तेव्हा शांतवन त्या खाटेजवळ स्टुलावर बसला होता. "देव काय त्याला दारात उभा करनार हाय का," तो म्हणाला, "घेतलंच असंल आत." मग म्हणाला, "पन त्यानं मागितलं व्हतं, मास्तर." एवढंच.

त्याच्या निवृत्तीचा सत्कार झाला तेव्हा भाषण कुणी करायचं? अर्थात मुख्याध्यापकांनी. त्याने ओट्यावर सांगितलेल्या शंका मला पाठ होत्या. पांढरा झगा घातला की दुखणारा माणूस उठून बसतो वगैरे. त्या मी छान ओवल्या आणि त्यांच्या टोकाला ते वाक्य बांधलं, की दीक्षा चालून आली असताना आमच्या शांतवनने ती नम्रपणे नाकारली. टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं, मी त्याला काहीतरी परत करतोय. जे त्याच्याकडून गेलं ते त्यानेच टाकलं असं म्हटलं, तर त्याचा मानही राहील आणि मीही सुटेन. खाली उतरल्यावर तो हार सावरत जवळ आला. म्हणाला, "चांगलं बोललात मास्तर. निबंधावानी." त्या दिवसापासून ही गोष्ट सगळ्यांची झाली. त्याने ती कधी खोडली नाही, आणि कधी स्वतःच्या तोंडाने म्हटलीही नाही.

यंदा तो त्याच वॉर्डात येऊन पडला. मी भेटायला गेलो. घरातून निघताना ठरवून गेलो होतो. रिक्षात बसून वाक्यं जुळवत होतो. तो फार वाळला होता, पण मला पाहून म्हणाला, "या हेडमास्तर. बसा." आणि बोटाने स्टूल दाखवलं. तेच स्टूल. निवृत्त झाल्यावरही तो रोज येऊन बसायचा, म्हणून कुणी ते हलवलं नव्हतं. मी म्हणालो, "नको, गुडघे वाकत नाहीत." ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. त्या स्टुलावर बसलो असतो तर मला बोलावं लागलं असतं.

तेवढ्यात तरुण पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले. आता बाटलीतला द्राक्षरस असतो. शांतवनने घेतला, डोळे मिटून घोटला, आणि एक डोळा उघडून माझ्याकडे बघत म्हणाला, "घट्ट हाय. मावशी असती तर पास केला असता." पाळकसाहेबांना काही कळलं नाही. ते हसले. मला हसता आलं नाही. त्याने मला दार उघडून दिलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. मी काय केलं? सेलूला कापसाचा भाव काय निघाला ते सांगितलं. नातवाची परीक्षा सांगितली. शेवटी म्हणालो, "उद्या येतो." तो म्हणाला, "या. पन बसायच्या तयारीनं या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. खरंच गुडघा दुखत होता. त्यानंतरच्या सकाळी फोन आला.

मागच्या आठवड्यात मार्थावहिनींनी ते स्टूल रिक्षाने माझ्याकडे पाठवून दिलं. निरोप काही नाही. ते आता माझ्या ओट्यावर आहे, तो सायकल लावायचा त्या बाजूला. बसून बसून मधली फळी गुळगुळीत झाली आहे. सुनेला वाटतं मी त्यावर बसून पेपर वाचेन. मी अजून बसलेलो नाही. सकाळी बाहेर येतो, त्याच्यासमोर उभा राहतो आणि मनात माफीची वाक्यं जुळवतो. जुळवताना ती फार लांबतात. आई येते त्यात, शाळा येते, माझा स्वभाव येतो... आणि दरवेळी लक्षात येतं की हे सगळं नकोच होतं. त्या मागच्या खोलीत, त्या पाच-सहा माणसांसमोर, एकच वाक्य पुरेसं होतं. त्यातला आज एकही माणूस हयात नाही, आणि ज्याच्यासाठी ते म्हणायचं तोही नाही.

साहेब, त्याला मीच भाग पाडलं होतं.